किताबाच्या उंबरठ्यावरून परतलेला जिमी यंग

२१ मार्च २०२५ रोजी जॉर्ज फोरमनचे निधन झाले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याच्या आयुष्यातील ठळक टप्पे पुन्हा एकदा वाचकांपुढे मांडले. किन्शासा येथे १९७४ साली महंमद अलीकडून झालेला पराभव, ऐन भरात रिंगण सोडून धर्मोपदेशक होणे, दहा वर्षांनी परतणे आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा जगज्जेतेपद मिळवणे, असे ते टप्पे. त्यांच्या मधोमध एक वाक्य हमखास येते. १९७७ साली पोर्तो रिको बेटावरील सान हुआन शहरात फोरमन जिमी यंगकडून हरला आणि त्या रात्री कपडे बदलण्याच्या खोलीत त्याला ईश्वरी साक्षात्कार झाला. पुढचे वाक्य पुन्हा फोरमनचे असते. त्याला हरवणाऱ्या माणसाचे काय झाले, हे कोणी सांगत नाही.

अलीच्या चरित्रातही यंग असाच भेटतो, वजन वाढलेल्या अलीची एक कंटाळवाणी लढत म्हणून. केन नॉर्टनच्या चरित्रात तो एका वादग्रस्त निकालातला प्रतिस्पर्धी असतो. तिन्ही वाक्ये एकत्र ठेवली तर मात्र वेगळेच चित्र दिसते. हेवीवेट मुष्टियुद्धाचा सर्वांत समृद्ध कालखंड म्हणून १९७० चे दशक मानले जाते. त्या दशकाच्या मध्यावर, सुमारे पावणेतीन वर्षे, हा माणूस अली, फोरमन आणि नॉर्टन यांच्या बरोबरीने उभा होता. त्याच्या नावावरील अठरा पराभव पाहून पान उलटणाऱ्याला हे कळणार नाही, कारण त्यांतले निम्म्याहून अधिक पराभव या काळानंतरचे आहेत.

फिलाडेल्फियातला वेगळा

यंगचा जन्म १४ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. मुष्टियुद्धाच्या जगात या शहराला कोल्हापूरच्या तालमींसारखा मान आहे. तिथल्या व्यायामशाळांत सरावाची लढतसुद्धा खऱ्या लढतीइतकी निकराची होते, अशी ख्याती. डाव्या हाताचा घणाघाती हूक ही या शहराची खूण आणि ज्यो फ्रेझर हा त्याचा सर्वांत मोठा प्रतिनिधी. पाठ न दाखवता, डोके खाली घालून पुढे सरकत राहायचे आणि एक ठोसा देण्यासाठी दोन खायचे, अशी ही परंपरा. फ्रेझरच्याच व्यायामशाळेत यंग घडला. पण त्याने उचलले ते नेमके उलटे.

त्याच्या हातात नॉकआऊटचा जोर नव्हता. पंचाहत्तर-ऐंशी टक्के लढती नॉकआऊटने जिंकणाऱ्यांच्या त्या जमान्यात यंगचे साऱ्या कारकिर्दीतले नॉकआऊट जेमतेम डझनभर. त्याऐवजी त्याच्याकडे होते ते अंतराचे अचूक भान. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा चार बोटांनी हुकेल इतकेच तो मागे सरकत असे, त्याहून अधिक नाही. खांद्याची हुलकावणी देऊन समोरच्याला आधी हात टाकायला लावायचे, तो हुकला की रिकाम्या जागेतून छोटा, सरळ ठोसा द्यायचा आणि लगेच जवळ जाऊन त्याचे हात बांधून टाकायचे, असा त्याचा खेळ. यात डोळ्यांत भरण्यासारखे काही नाही. एखादा कसलेला हिशेबनीस जमाखर्च जुळवतो तसे हे काम. पाहणाऱ्याला वाटते, समोरच्याचाच आज दिवस बरा नाही.

सुरुवात मात्र निराशाजनक झाली. अनुभव तुटपुंजा असतानाच त्याला बड्या प्रतिस्पर्ध्यांपुढे उभे करण्यात आले. फेब्रुवारी १९७३ मध्ये अर्नी शेव्हर्सने त्याला तिसऱ्या फेरीत संपवले. शेव्हर्स म्हणजे हेवीवेटच्या इतिहासातील सर्वांत जोरकस ठोसे मारणाऱ्यांपैकी एक. अलीनेही पुढे त्याच्या ठोशांचा दरारा मान्य केला होता. असा पराभव नवख्याला कायमचा भित्रा करून सोडतो. यंग मात्र इंग्लंडमध्ये जाऊन लढला, तिथे रिचर्ड डनला आठव्या फेरीत थांबवले आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये पुन्हा शेव्हर्ससमोर उभा राहिला. या वेळी दहाही फेऱ्या झाल्या आणि लढत बरोबरीत सुटली. दोन वर्षांपूर्वी ज्याच्यापुढे तीन फेऱ्याही टिकता आले नव्हते, त्याला तो आता वाचू शकत होता.

पुढची पायरी होती रॉन लाईल. कोलोरॅडोच्या तुरुंगात मुष्टियुद्ध शिकलेला, तिशीत व्यावसायिक झालेला हा राकट माणूस तेव्हा अलीशी लढण्याच्या रांगेत सर्वांत पुढे होता. ११ फेब्रुवारी १९७५ रोजी होनोलुलु येथे यंगने त्याला दहा फेऱ्यांत गुणांवर स्पष्ट हरवले. आता गंमत पाहा. तीन महिन्यांनी, मे महिन्यात, अलीशी किताबासाठी लढण्याची संधी मिळाली ती लाईललाच. जिंकणारा घरी बसला आणि हरणारा लास वेगासला गेला. करार आधीच ठरलेले असतात, दूरचित्रवाणीला मोठे ठोसे हवे असतात, ही कारणे समजण्यासारखी आहेत. पण यंगची गोष्ट नीट समजून घ्यायची तर या बारीकशा अन्यायापासूनच सुरुवात करावी लागते. त्या लढतीत लाईल गुणांत पुढे होता. अकराव्या फेरीत अलीने त्याला गाठले आणि लढत थांबली.

लँडोव्हरची रात्र

यंगची पाळी आली ती ३० एप्रिल १९७६ रोजी, वॉशिंग्टनजवळच्या लँडोव्हर येथे. त्या संध्याकाळच्या कार्यक्रमपत्रिकेवर नॉर्टन होता आणि उदयाला येत असलेला लॅरी होम्सही. पुढल्या दोन वर्षांत किताबाभोवती जी माणसे फिरणार होती, ती जवळपास सगळी त्या एका छताखाली होती. अलीने यंगला गांभीर्याने घेतलेच नव्हते. तो २३० पौंड, म्हणजे १०४ किलो वजनाने रिंगणात उतरला. तोवरच्या कारकिर्दीतले हे त्याचे सर्वाधिक वजन. यंग त्याच्याहून सुमारे वीस पौंडांनी हलका होता.

पंधरा फेऱ्यांत अलीला यंग सापडला नाही. अलीचे प्रसिद्ध डावे हात हवेत जात होते आणि तो हात मागे घेईपर्यंत यंगचा छोटा ठोसा येऊन जात होता. दोरांना टेकून प्रतिस्पर्ध्याला दमवायची जी युक्ती अलीने किन्शासात फोरमनवर यशस्वी करून दाखवली होती, ती इथे निकामी ठरली, कारण यंग पुढे येऊन स्वतःला दमवून घ्यायला तयारच नव्हता. अली वाट पाहत होता आणि यंगही वाट पाहत होता. प्रतिहल्ला करणारे दोघे समोरासमोर आले की पाहणाऱ्याच्या पदरी फारसे काही पडत नाही, हेही खरे.

निकाल एकमताने अलीच्या बाजूने लागला. गुण होते ७२-६५, ७०-६८ आणि ७१-६४. त्या काळी तिथे फेरी जिंकणाऱ्यास पाच गुण देण्याची पद्धत होती. त्या हिशेबाने एक गुणपत्रक अगदी काठावरचे आणि उरलेली दोन एकतर्फी. एकच लढत पाहणाऱ्या तिघांत एवढी तफावत पडावी, यातच बरेच काही आले. सभागृहात निकालाची हुर्यो झाली आणि अनेक क्रीडा पत्रकारांच्या मते यंग जिंकला होता.

तरीही या निकालाला सरसकट चोरी म्हणणे मला पटत नाही, आणि त्याचे कारण यंगनेच पुरवले आहे. अली अंगावर येऊ लागला की तो कमरेत वाकून डोके आणि खांदे दोरांच्या बाहेर काढत असे. असे त्याने एकदा-दोनदा नव्हे, सहा वेळा केले. दोराबाहेरच्या माणसावर ठोसा मारता येत नाही, पंचाला मध्ये पडावेच लागते आणि हल्ला थांबतो. नियमाच्या चौकटीतली ही एक पळवाट. पण बाराव्या फेरीत पंचाने त्यावर सरळ मोजणीच सुरू केली. जगज्जेत्याचा किताब मागायला आलेला माणूस दोरांमधून बाहेर पाहतो आहे, हे दृश्य परीक्षकांच्या डोळ्यांसमोरून हलणे कठीण होते. अलीने किती ठोसे मारले याचा हिशेब त्यापुढे कोण ठेवणार?

परीक्षकांनी नेमके काय मोजायचे, हा प्रश्न इथे येतोच. मुष्टियुद्धात फेरीचे गुण देताना चार गोष्टी पाहाव्यात असे मानले जाते : स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, बचाव आणि रिंगणावरचा ताबा. यातल्या बचावाला कागदावर स्थान आहे, पण व्यवहारात त्याचे गुण मिळणे अवघड. लागलेला ठोसा दिसतो, त्याचा आवाज येतो. न लागलेला ठोसा कोणाच्या हुशारीमुळे लागला नाही, हे ठरवायला पाहणाऱ्याची नजर तयार असावी लागते. आपल्याकडेही कुस्तीच्या फडात गुणांवर लागलेला निकाल घेऊन लोक खुशीत घरी जात नाहीत, त्यांना चीतपट हवी असते. समोरच्याची पकड पंधरा मिनिटे लागू न देणाऱ्या मल्लाला पाहून जाणकार मान डोलावतात, बाकीचे चुळबुळ करतात. यंगला सारी कारकीर्द अशा चुळबुळणाऱ्यांसमोर काढावी लागली.

जाता जाता एक योगायोग सांगण्यासारखा आहे. याच १९७६ सालच्या नोव्हेंबरात ‘रॉकी’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. फिलाडेल्फियाचा एक अनाम मुष्टियोद्धा अलीची आठवण करून देणाऱ्या जगज्जेत्यापुढे पंधरा फेऱ्या टिकतो आणि गुणांवर हरतो, अशी त्याची कथा. या कथेमागची प्रेरणा वेगळ्या माणसाची, १९७५ साली अलीशी लढलेल्या चक वेपनरची, असे सांगितले जाते. पण फिलाडेल्फियाचा खराखुरा मुष्टियोद्धा खऱ्याखुऱ्या अलीशी पंधरा फेऱ्या लढून गुणांवर हरला होता, त्याला तेव्हा सात महिनेही झाले नव्हते. रॉकीचा पुतळा आज त्या शहरात पर्यटकांचे आकर्षण आहे. खऱ्या फ्रेझरचा पुतळा उभा राहायला त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षे, म्हणजे २०१५ साल उजाडावे लागले. यंगची तर बातच सोडा.

सान हुआन

अलीने यंगला पुन्हा संधी दिली नाही. त्याची पुढची लढत महिन्याभराच्या आत म्युनिकमध्ये झाली, ती यंगने दोन वर्षांपूर्वीच हरवलेल्या रिचर्ड डनशी. यंगने मात्र मागे न राहता ६ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे लाईलला पुन्हा गाठले आणि बारा फेऱ्यांत पुन्हा हरवले. मधल्या काळात लाईलने जानेवारीत फोरमनला दोनदा खाली पाडून स्वतः पाचव्या फेरीत हार पत्करली होती. त्या थरारक लढतीची आजही चर्चा होते. त्याच लाईलला एकाच माणसाने दोन वर्षांत दोनदा निष्प्रभ केले, याची चर्चा होत नाही.

फोरमन तेव्हा अलीशी दुसऱ्या भेटीसाठी आसुसला होता. किन्शासानंतर त्याने लाईलला आणि फ्रेझरला पाडले होते. मध्ये आलेला यंग हा त्याच्या दृष्टीने आणखी एक अडथळा. १७ मार्च १९७७ रोजी सान हुआनच्या रोबेर्तो क्लेमेंते क्रीडागारात ही लढत झाली. हवा दमट, आत उकाडा असह्य. फोरमनचे वजन, त्याचा दबदबा, त्याचे ठोसे, सारे काही यंगच्या विरुद्ध होते. पण आधीच्या फेऱ्यांत फोरमन जसजसा हुकत गेला, तसतसे प्रेक्षक यंगच्या नावाने ओरडू लागले.

सातव्या फेरीत फोरमनचा डावा हात एकदाचा बसला. यंग हेलपाटला. त्याचे पाय सैल झाले आणि सगळ्यांना शेव्हर्सच्या त्या रात्रीची आठवण झाली असणार. आपण एवढे वर्णन केलेल्या कौशल्याची खरी परीक्षा या दोन-तीन मिनिटांत झाली. यंगने फोरमनला कवटाळले, त्याचे हात अडकवले, दोर सोडून मध्यभागाकडे सरकत राहिला आणि घंटा होईपर्यंत उभा राहिला. फोरमनची ताकद त्या फेरीत संपली. पुढल्या फेऱ्यांत यंगने त्याला उलट मागे रेटले, आणि या माणसाला जोर नाही असे ज्याच्याविषयी म्हटले जाई, त्यानेच शेवटच्या बाराव्या फेरीत फोरमनला खाली पाडले. फोरमन लगेच उठला, पण निकालाविषयी आता शंका उरली नव्हती. तिन्ही परीक्षकांनी यंगच्या बाजूने कौल दिला. ‘द रिंग’ या मुष्टियुद्धविषयक मान्यवर मासिकाने ती त्या वर्षातील सर्वोत्तम लढत ठरवली.

लँडोव्हरला दोराबाहेर डोके काढणारा आणि सान हुआनला फोरमनसमोर उभा राहणारा माणूस एकच होता. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण यंगला कमी लेखणारे पहिल्या दृश्यावरच थांबतात. दोर सोडून मध्यभागी लढला की काय होऊ शकते, हे त्याने वर्षभराच्या आत दाखवून दिले होते.

फोरमनला त्यानंतर आलेल्या अनुभवाविषयी त्याने स्वतः अनेकदा सांगितले आहे. उकाडा, अतिश्रम आणि डोक्याला बसलेला मार यांचा तो परिणाम, असे वैद्यकीय स्पष्टीकरण देणारेही आहेत. ते काहीही असो. कारकिर्दीच्या त्या पहिल्या पर्वात फोरमन सत्तेचाळीस लढती लढला आणि त्यांत फक्त दोन माणसांकडून हरला. एक अली, दुसरा यंग.

दोन गुणपत्रकांचा किताब

यानंतर यंगचे नाव डावलणे कोणालाच शक्य नव्हते. ५ नोव्हेंबर १९७७ रोजी लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये त्याची लढत केन नॉर्टनशी ठरली. १९७३ साली अलीचा जबडा मोडून त्याला हरवणारा हाच तो नॉर्टन. डब्ल्यूबीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक मुष्टियुद्ध परिषदेच्या दृष्टीने ही पात्रता लढत होती. जो जिंकेल तो किताबाचा पहिला दावेदार.

पंधरा फेऱ्या झाल्या. नॉर्टन पोटावर आणि बरगड्यांवर मारा करत पुढे येत राहिला, यंग सरकत, अडवत, उलटे ठोसे देत राहिला. दोन परीक्षकांनी १४७-१४३ असा नॉर्टनला कौल दिला. तिसऱ्याने १४४-१४२ असा यंगला. विभागलेल्या निर्णयाने नॉर्टन जिंकला. पुन्हा तेच झाले : पुढे येणारा की न सापडणारा, यातल्या कोणाला मान द्यायचा, यावर तिघांचे एकमत होऊ शकले नाही. हा निकाल मान्य नसणारे जाणकार तेव्हाही होते, आजही आहेत. माझ्या मते तो दोन्हीकडे झुकू शकणारा निकाल होता, आणि म्हणूनच पुढे जे घडले ते जिव्हारी लागते.

फेब्रुवारी १९७८ मध्ये केवळ सात व्यावसायिक लढतींचा अनुभव असलेल्या लिऑन स्पिंक्सने अलीला हरवून खळबळ उडवून दिली. परिषदेच्या मते त्याने आता नॉर्टनशी लढायला हवे होते. स्पिंक्सने अलीशी पुन्हा लढणे पसंत केले, कारण पैसा तिथे होता. मार्च महिन्यात परिषदेने त्याचा किताब काढून घेतला आणि नॉर्टनला जगज्जेता घोषित केले. कशाच्या आधारावर? नोव्हेंबरमध्ये यंगविरुद्ध मिळवलेल्या विजयाच्या. म्हणजे जी लढत होताना किताबाची नव्हती, ती चार महिन्यांनी कागदोपत्री किताबाची ठरली. दोनपैकी एका परीक्षकाने दोन-तीन फेऱ्यांचे गुण यंगला दिले असते, तर याच न्यायाने हेवीवेट जगज्जेत्यांच्या यादीत जिमी यंग हे नाव असते.

नॉर्टनविषयी अनुदार होण्याचे कारण नाही. तो उत्तम मुष्टियोद्धा होता आणि अलीशी झालेल्या तिसऱ्या लढतीत त्याच्यावरच अन्याय झाला असे मानणारे पुष्कळ आहेत. पण जागतिक किताबाची एकही लढत त्याने रिंगणात जिंकली नाही. फोरमन, अली आणि होम्स या तिघांकडूनही तो हरला. तरी तो माजी जगज्जेता म्हणून ओळखला जातो, कॅनास्टोटा येथील आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध हॉल ऑफ फेममध्ये १९९२ साली त्याचा समावेश झाला. यंगचा झालेला नाही. दोघांच्या योग्यतेत एवढे अंतर होते काय? त्या रात्रीची गुणपत्रके तरी तसे सांगत नाहीत.

उताराची वर्षे

यंगविरुद्धचा सर्वांत सबळ पुरावा नॉर्टनच्या लढतीनंतरचा आहे आणि तो टाळून त्याची बाजू मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ९ जून १९७८ रोजी सीझर्स पॅलेसमध्येच होम्सने नॉर्टनकडून किताब हिसकावला. त्याच रात्री, त्याच ठिकाणी, मुख्य लढतीआधीच्या लढतींत यंग ओसी ओकासिओ या तुलनेने अननुभवी तरुणाकडून हरला. जानेवारी १९७९ मध्ये त्याच्याकडूनच पुन्हा हरला. या दोन विजयांच्या बळावर होम्सशी किताबासाठी लढण्याची संधी ओकासिओला मिळाली. यंग आणि होम्स मात्र कधीच समोरासमोर आले नाहीत. एका नोव्हेंबरात किताबाच्या दारात असलेला माणूस दीड वर्षाच्या आत दुसऱ्यांची पायरी झाला होता.

तयारीतली शिस्त सुटली हे उघड होते. बचावावर जगणाऱ्या मुष्टियोद्ध्याची ही खरी अडचण. जोरकस ठोसा म्हातारपणीही साथ देतो, फोरमनने तर पंचेचाळिसाव्या वर्षी एका ठोशावर किताब परत मिळवला. पण चार बोटांनी ठोसा हुकवणाऱ्याचे पाय थोडे जड झाले की ती चार बोटे उरत नाहीत. नाही म्हणायला १९७९ च्या डिसेंबरात लंडनला जाऊन त्याने जॉन एल. गार्डनरला हरवले. मे १९८० मध्ये अटलांटिक सिटीत गेरी कूनीने त्याला चौथ्या फेरीत, जखमेमुळे, थांबवले. पुढल्या वर्षभरात कूनीने लाईलला एका फेरीत आणि नॉर्टनला ५४ सेकंदांत संपवले, तेव्हा चार फेऱ्या टिकलेल्या यंगकडे पाहण्याची दृष्टी थोडी तरी बदलायला हवी होती. माईक डोक्स, ग्रेग पेज, टोनी टब्ज अशी पुढे जगज्जेते झालेली माणसे त्याच्याविरुद्धच्या विजयांची शिदोरी घेऊन वर गेली. १९८० चे दशक सरत आले तरी तो लढतच होता. अठरा पराभवांचा आकडा असा फुगला.

लढती थांबल्यानंतरची वर्षे हलाखीची गेली. पैसा उरला नव्हता, अमली पदार्थ बाळगल्याच्या प्रकरणी न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि तिथे त्याच्या वकिलाने डोक्याला वर्षानुवर्षे बसलेल्या माराचे परिणाम न्यायाधीशांपुढे मांडले. ज्याची सारी विद्या ठोसे न खाण्याची, त्याच्याही मेंदूने अखेर हिशेब मागितला. सरावातले ठोसे कोणी मोजत नाही आणि उतरत्या काळातले तर मुळीच नाही. २० फेब्रुवारी २००५ रोजी फिलाडेल्फियातच हृदयविकाराने त्याचे निधन झाले. तेव्हा तो ५६ वर्षांचा होता.

त्याला महान म्हणावे काय? अली, फोरमन, होम्स यांच्या पंक्तीत त्याला बसवण्याचा आग्रह मी धरणार नाही. त्या उंचीवर राहण्यासाठी लागणारे सातत्य त्याच्याकडे नव्हते, आणि लँडोव्हरला किताब ओढून घेण्याची वेळ आली तेव्हा तो दोराबाहेर गेला, हे कोणत्याही युक्तिवादाने पुसता येत नाही. पण नॉर्टनच्या शेजारी त्याचे नाव यायला हवे. लाईल आणि शेव्हर्स यांच्या वर तर निश्चितच, कारण एकाला त्याने दोनदा हरवले आणि दुसऱ्याशी दहा फेऱ्या बरोबरी साधली. या दोघांची नावे मात्र आजही त्याच्याआधी घेतली जातात. जोरकस ठोसा आठवणीत राहतो, चुकवलेला राहत नाही, याखेरीज त्याला दुसरे कारण दिसत नाही.

या लढतींच्या चित्रफिती आज सहज पाहायला मिळतात. ज्यांना यंग नव्यानेच पाहायचा आहे त्यांनी अलीच्या लढतीपासून सुरुवात करू नये, तिथे डोळे अलीवरच खिळतात. फोरमनची सातवी फेरी आणि त्यानंतरच्या पाच फेऱ्या आधी पाहाव्यात. मग नॉर्टनची लढत, शक्यतो समालोचनाचा आवाज बंद करून, आणि फेरीगणिक गुण स्वतःच कागदावर मांडून.